वेडी बाभूळ उपटायची लोखंडी तरफ: नदीकाठच्या कामाला कशी आहे?

तापी-गिरणेच्या काठावरची वेडी बाभूळ, म्हणजे बाहेरून आलेली आणि झपाट्याने पसरणारी काटेरी बाभूळ, कुऱ्हाडीला दाद देत नाही. जमिनीलगत तोडली की मातीखालच्या डोळ्यांतून फुटवे येतात, एका खोडाचं झुडूप होतं. ती बुडख्यासकटच निघायला हवी. दोन इंच जाडीपर्यंतच्या रोपांना फॅब्रिकेशनवाल्यांकडून बनवून घ्यायची ही तरफ फार कामाची. त्याहून जाड खोडाला टिकावच.

चार फुटी दांडा, बुडाशी जबडा, खाली टेकूची पट्टी. टेकूपासून जबडा चार इंचांवर असला की जोर जवळपास बारा पट होतो. खोड अगदी जमिनीलगत धरून दांडा हळूहळू मागे ओढायचा. झटका दिला की साल सोलून निघते, मग ओलं खोड जबड्यात थांबतच नाही. म्हणून जबड्याला चौकोनी सळईचे दात वेल्ड करून घ्या. गुळगुळीत पट्टीचा जबडा घेऊच नका. टेकूची पट्टी सहा इंच तरी रुंद हवी. अरुंद असली की गाळात रुतते आणि रोप जागचं हलत नाही. दांड्याला सी क्लास, म्हणजे जाड पत्र्याचा पाइप घ्या, हलका पाइप वाकतो.

वेळ चुकली तर चांगली तरफही वाया. उन्हाळ्यात काळी जमीन दगडासारखी होते, खोड तुटतं, बुडखा आतच राहतो. तसं झालंच तर वीतभर खोल खणून तो काढा. जूनमध्ये उपटलं तर भुसभुशीत झालेली माती पहिल्या पुरात जाते. पूर ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या ओलीत काम उत्तम होतं. उभ्या दरडीवर मात्र उपटूच नये, काठ ढासळतो.

पाणथळ काठावर वाढणाऱ्या बेशरमच्या झुडपाला ही तरफ चालत नाही. पोकळ खोड चिरडून तुकडे होतात आणि ओल्या मातीत तुकडा न् तुकडा रुजतो. ती हातानेच उपटून कोरड्या खडकावर वाळवावी, पाण्यात कधीच टाकू नये.

आपली बाभूळ मात्र वाचली पाहिजे! रोपाला फूल-शेंग नसते, तेव्हा पान बघा. वेडीच्या पानाला उपदांड्यांच्या (मधल्या देठाला फुटणाऱ्या, बारीक पानं लागलेल्या काड्यांच्या) एक ते तीन जोड्या, आपल्या बाभळीला सहसा त्याहून जास्त, आणि पानंही बारीक.

जबड्याच्या बोल्टला डबल नट लावून घ्या. एकेरी नट कामात सैल होतो.