‘काझेमाची रोमान’ची एलपी: ऐकली, आवडली, दोन तक्रारी आहेत

भाचा टोकियोला नोकरीला आहे. दिवाळीत इंदूरला आला तेव्हा घरच्यांना चॉकलेटं आणि मला ही एलपी. साडेचार हजार येनची पावती पिशवीत तशीच राहिली होती, आणि ती माझ्याआधी बायकोच्या हातात पडली. आपले अडीच हजारांच्या वर झाले. त्यामुळे खालचं सगळं मी तिला उत्तर द्यायचं म्हणूनही लिहितोय असं समजा.

एलपी एका जपानी रॉक बँडची, बँडचं नाव हॅपी एंड. चौघंजण: हारुओमी होसोनो, एइची ओताकी, ताकाशी मात्सुमोतो, शिगेरू सुझुकी. बँडचं आयुष्य जेमतेम तीन वर्षांचं, रेकॉर्डी तीन. ही दुसरी, 20 नोव्हेंबर 1971 ला निघालेली. नाव इंग्रजी असलं तरी त्यांनी ते लिहिलं हिरागानात, म्हणजे घरातल्या साध्या लिपीत. परक्या शब्दांसाठी जपानीत कताकाना नावाची वेगळी लिपी आहे, ती मुद्दाम टाळून. भाच्याने हे सांगितलं तेव्हाच मी खुर्चीत नीट बसलो.

कारण आमचाही एक बँड होता. 1991, इंदूर, चौघंच, मी ड्रमवर. अकरा महिने टिकला. गिटारवाल्याचं म्हणणं, रॉक म्हणजे इंग्रजी. गाणारा म्हणे, भिया, हिंदीत गा, नाहीतर ऐकणार कोण. मी मराठीचा हट्ट धरून बसलो होतो आणि घरी मराठी बोलणारे आम्ही दोघंच. गणपतीच्या मांडवात एकदा तिन्ही भाषांत एकेक गाणं म्हटलं, तर मागून फर्माईश आली नागीनची. मग भांडण. नंतर माझे ड्रम सात वर्षं माळ्यावर पडून होते आणि मग भंगारात गेले.

तर टोकियोतही 1970 च्या सुमारास हेच भांडण चालू होतं, आणि तेही चांगलं जाहीर, मासिकातल्या चर्चांतून. युया उचिदा हे तिथल्या रॉकमधलं बडं प्रस्थ, त्यांचा पक्ष इंग्रजीचा. जपानी शब्द रॉकच्या ठेक्यावर बसत नाहीत म्हणे. होसोनो आणि मात्सुमोतो आधी एप्रिल फूल नावाच्या बँडमध्ये होते, तो 1969 मध्ये एकच रेकॉर्ड काढून मोडला. नव्या बँडचं नाव सुरुवातीला व्हॅलेंटाइन ब्लू होतं. ऑगस्ट 1970 मध्ये पहिली रेकॉर्ड आली. तिच्या कव्हरवर नूडलवाल्याची पाटी रंगवली होती, ‘युदेमेन’, म्हणून लोक त्या रेकॉर्डलाच युदेमेन म्हणू लागले. आपल्याकडे कुणी रॉकच्या कव्हरवर ‘गरम पोहे’ लिहिलं असतं का? लिहायला हवं होतं.

आता माल. जॅकेट उघडलं की आत ट्रामचं चित्र आहे, गल्लीतून अंगावर येणारी, आणि ते बघण्यासाठीच एलपी घ्यावी, मोबाइलवर त्याचं पोस्टाचं तिकीट होतं. शब्द जवळपास सगळे ड्रमर मात्सुमोतोचे. 1964 च्या ऑलिंपिकसाठी टोकियो उकरली गेली, पाठोपाठ ट्राम एकेक करून बंद झाल्या. तो लहानपणचं ते गाव ‘काझेमाची’, वाऱ्याचं गाव, म्हणून मनातून परत उभं करतो. मला महूची छोटी लाइन आठवली. पाताळपाणीच्या वळणावर गाडी हळू व्हायची आणि काळाकुंडला कळाकंद पानात मिळायचा. आता तिथे पर्यटकांची गाडी जाते. असो.

‘काझे ओ आत्सुमेते’ हे गाणं बऱ्याच जणांनी ‘लॉस्ट इन ट्रान्सलेशन’ या 2003 च्या सिनेमात ऐकलं असेल. धुक्यातून ट्राम समुद्र ओलांडताना दिसते आणि वारा गोळा करून उडावंसं वाटतं, इतकंच. वाजवायला दोघंच: होसोनोने गिटार, बास, ऑर्गन आणि गाणं, मात्सुमोतोने ड्रम. ते ड्रम ऐका. उशी ठेवून वाजवल्यासारखा कोरडा, बुजरा आवाज, कुठेही दाखवेगिरी नाही. मी असा कधीच वाजवला नाही, मला मांडव हलवायचा असायचा. आणि क्रियापदं सगळी अदबीची. भाच्याच्या मते हे असं आहे की रॉक गायक माइकसमोर येऊन म्हणतोय, ‘त्याचं काय आहे, उन्हाळा आहे ना’. ‘नात्सु नान्देसु’ या गाण्याचं नावच ते.

ओताकीचा मामला उलटा. तो शब्द चघळतो, तोडतो, स्वर ताणतो, आणि उचिदांना उत्तर तिथे मिळतं. ‘हाइकारा हाकुची’ म्हणजे साहेबी थाटाचा खुळा, पण तेच शब्द फोडले की ‘फुफ्फुसातून ओकलेलं रक्त’ होतं. ‘ताइफू’ या गाण्यात मात्र ओरडणं जरा जास्त झालंय. तिथे मी सुई उचलून पुढे टाकतो.

पुढचं थोडक्यात. 1972 मध्ये लॉस एंजेलिसला तिसरी रेकॉर्ड केली, तेव्हा मोडायचं जवळपास ठरलंच होतं. 31 डिसेंबर 1972 ला बँड संपला, रेकॉर्ड मागाहून फेब्रुवारीत आली. होसोनो नंतर यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा या इलेक्ट्रॉनिक बँडमध्ये, मात्सुमोतो सिनेतारकांसारख्या गाजलेल्या गायिकांचा गीतकार, ओताकी 2013 च्या डिसेंबरात गेला. 2007 मध्ये रोलिंग स्टोन या संगीताच्या मासिकाच्या जपानी आवृत्तीने याच रेकॉर्डला जपानी रॉकमध्ये पहिला नंबर दिला.

तक्रारी. एक, गाण्यांचा कागद निव्वळ जपानीत, भाचा गेल्यावर मी आंधळा. दोन, जॅकेटचा कोपरा दुमडलाय, पण तो भाच्याच्या बॅगेतल्या लोणच्याच्या बरणीमुळे. कडेला कागदाची पट्टी असते तिला ओबी म्हणतात (ओवी नव्हे), ती फाटू देऊ नका. छपाई आणि आवाजाला पाचपैकी साडेचार.

शेवटचं गाणं ‘आइउएओ’ अर्ध्या मिनिटाच्या आसपास आहे. शब्द म्हणजे त्यांची मुळाक्षरं, बाकी काही नाही. तो क्रम मुळात आपल्याकडच्या सिद्धम लिपीच्या अभ्यासातून तिकडे बसलाय. आई शेजारच्या खोलीत वाती वळत होती. तीस वर्षं शाळेत पहिलीचा वर्ग घेतलाय तिने. आतूनच म्हणाली, ‘का की कू के को चाललंय का रे?’

म्हटलं हो.

‘मग ख, ग कुठे गेले? आणि च च्या जागी स म्हणतोय. परत लाव बघू.’