ताजी व्यायलेली, खाली कालवड

गायीचे दात बघताना मी तिचा कान धरला होता. कानात पिवळा बिल्ला, त्यावर 12 आकडी नंबर आणि माझा अंगठा बरोबर त्या नंबरावर. 98 हजारांचा घोळ तिथेच, अंगठ्याखाली होता. मी मात्र दात मोजत होतो.

आम्ही दिंडोरी तालुक्यातले. द्राक्षबाग आणि दावणीला तीन गायी. एप्रिलात द्राक्षांचे पैसे आले तेव्हा वडील म्हणाले, चौथी एचएफ, म्हणजे होल्स्टिन, भरपूर दुधाची जात, घेऊन टाकू. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एका व्यापाऱ्याने फोटो टाकला होता: दुसरं वेत (दुसऱ्यांदा व्यालेली), ताजी व्यायलेली, खाली कालवड, दिवसाला 20 लिटर. त्याची वस्ती सिन्नरच्या पुढे, शिर्डी रस्त्यावरून आत. वडील, मेहुणा आणि मी निघालो, पोचेस्तोवर साडेचार वाजले.

कास बघून वडिलांचे डोळेच फिरले. ताणून चकाकणारी, शिरा वर आलेल्या, सड बाहेरच्या बाजूला फाकलेले. शेजारी दहा-बारा दिवसांची कालवड बांधलेली. व्यापारी बोलायला गोड. "नाना, गायच बोलती हाये, आमाला कशाला बोलाया लावता?" सकाळी सहाला धार काढली म्हणाला. आमच्यासमोर काढली ती 11 लिटर भरली. दात मी बघितले, सहा दाती. म्हणजे दुसरं वेत हे खरंच होतं. मला जे तपासता येतं ते खरं निघालं, म्हणून न तपासलेलंही मी खरं धरलं.

तेवढ्यात एक टोपीवाला आला. त्याने व्यापाऱ्याचा हात उपरण्याखाली घेतला, बोटं दाबली आणि आम्हाला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाला, "सत्त्याण्णव हजार, आत्ता सोडून नेतो." तो त्याचाच माणूस होता हे आता शेंबडं पोरही सांगेल. तेव्हा आम्ही घाईघाईने 98 हजारांना सौदा पक्का केला, पाच हजार विसार दिला, बाकीचे दुसऱ्या दिवशी रोख नेऊन पिकअपमध्ये गाय आणि कालवड चढवली. पावती नाही, चिठ्ठी नाही. बाजार समितीच्या आवारात घेतली असती तर बिल्ल्याच्या नंबरासकट पावती हातात आली असती. पण "बाजारात कशाला, दलाली वाचते" हे त्याचं म्हणणं आम्हाला पटलं होतं.

घरी आल्यावर पहिल्या सकाळी चार लिटर. संध्याकाळी साडेतीन.

फोन केला. "जागा बदलली ना भाऊ, आठ दिवस धीर धरा." ही थाप असती तर मी लगेच पकडली असती. पण गाडीतून आणलेली गाय थोडे दिवस दुधाला तुटते, हे कोणताही दूधवाला सांगेल. अशा अर्ध्या खऱ्या गोष्टीवर त्याने आठ दिवस काढले. मग म्हणाला, खुराक कमी पडतोय, मक्याचा भरडा वाढवा. आम्ही शहाणे, दोन दिवसांत भरडा दुप्पट केला. तिसऱ्या दिवशी गायीने गव्हाणीत तोंड घातलं नाही. रवंथ बंद, शेण पातळ आणि आंबूस वासाचं. डॉक्टर म्हणाले, पोटात आम्ल झालंय. खायचा सोडा, औषधं, नुसती वैरण. खुराक वाढवायचा तर आठ-दहा दिवसांत थोडाथोडा, एकदम नाही, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. 20 लिटरचा आकडा डोक्यात बसला होता, त्याने बाकी सगळं पुसलं.

पहिली शंका मला आली नाही, बायकोला आली. कालवड पाजायला सोडली की गाय लाथ मारायची, हुंगायचीसुद्धा नाही. व्यापारी म्हणे, बावरली असेल. बायको म्हणाली, "बारा दिवस चाटलेलं पोर अशी लाथाडते का कुठं?" तिनेच एका सडाच्या टोकावर नखपॉलिशसारखा चकाकणारा थर बघितला आणि नखाने खरवडला. पापुद्रा निघाला. दुधाचा नव्हे, डिंकाचा. धार काढायची नाही आणि दूध गळायलाही नको म्हणून सड चिकटवलेले. म्हणजे सकाळी सहाची धार वगैरे काही नव्हतीच, दीडेक दिवसाचं तुंबलेलं दूध आम्ही संध्याकाळी मोजलं होतं. त्या सडाला पुढे दगडी (कासेचा आजार) झाली, दुधात चिपाड, म्हणजे गाठी येऊ लागल्या.

दुसरी शंका दूध संकलन केंद्रावर. या गायीचं दूध मी वेगळ्या किटलीत नेत होतो. खुराकाची भानगड व्हायच्या आधी त्याची फॅट 4.6 लागली होती. मशीनवरचा पोरगा म्हणाला होता, "दादा, ताजी व्यायलेली एचएफ आन एवढी फॅट? ही तर आटत आलेल्या गायीची दिसते." मी हसण्यावारी नेलं होतं.

मग एकदाचा डॉक्टरांनी बिल्ल्याचा नंबर मोबाईलवर टाकून तिची सरकारी नोंद काढली. गाय दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या नावावर. व्यायल्याची नोंद ऑगस्टची, गोऱ्हा झाला होता. डिसेंबरपासून चार वेळा कृत्रिम रेतन केल्याच्या नोंदी, प्रत्येक वेळी साधारण तीन आठवड्यांच्या अंतराने. उलटणारी गाय, म्हणजे रेतन करूनही पुन्हा पुन्हा माजावर येणारी. पुढे माजावर आली तेव्हा सोट (माजाचा चिकट स्राव) काचेसारखा स्वच्छ नाही, गढूळ आणि पुवाचे धागे असलेला. आठ महिन्यांची व्यायलेली, गाभण राहत नाही, म्हणून आधीच्या मालकाने काढली. व्यापाऱ्याने तिच्याखाली भलतीच कालवड बांधली आणि तिला ताजी केली.

सगळ्यांच्या बिल्ल्यावर एवढी नोंद सापडेलच असं नाही, कित्येकांची रेतनं कोणी भरतच नाही. पण मालकाचं नाव-गाव निघालं तरी पुष्कळ. राज्यात 1 जून 2024 पासून बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री बंद आहे. म्हणजे नंबर असायलाच हवा. फोटो काढून आपल्या डॉक्टरांना पाठवायला दोन मिनिटं लागतात. आणि गाय घ्यायची तर मुक्कामाच्या तयारीने जा. पहिली धार डोळ्यांदेखत पूर्ण मोकळी करून घ्या आणि ती हिशोबात धरू नका. त्यानंतरच्या दोन धारा मोजा. मुक्कामाला जो नाही म्हणेल त्याची गाय घेऊ नका, कास कितीही देखणी असो.

पैसे परत मागितले तेव्हा व्यापारी म्हणाला, "तुमी सोता धार बघून नेली ना?" कागद नाही म्हटल्यावर पोलिसांकडे जाऊनही काही झालं नाही. गर्भाशयाचे उपचार चालू आहेत. कालवडीला आल्यापासून हगवण होती, चीक मिळाला होता की नाही कोण जाणे. आई तिला बोट चोखायला देऊन बादलीतून दूध पाजते. ती मात्र तगली.

गेल्या आठवड्यात त्याच ग्रुपवर नवा फोटो आला. तीच भिंत, तोच निळा पाण्याचा ड्रम, काळ्या तोंडाची दुसरी गाय. "ताजी व्यायलेली, खाली कालवड." मी खाली एवढंच लिहिलं, बिल्ल्याचा नंबर टाका. पाच मिनिटांत मला ग्रुपमधून काढून टाकलं.