ब्लेंडरमधलं अ‍ॅनिमेशन पुन्हा वापरायचंय: अ‍ॅक्शन ठेवावी की एफबीएक्स?

चालण्याची सायकल एकदा जमून आली की ती पुढच्या पात्रालाही लावता यावी असं वाटतंच. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी मुख्यतः दोन रस्ते आहेत: अ‍ॅक्शन, म्हणजे हालचालीची साठवलेली नोंद, वेगळ्या .ब्लेंड फाईलमध्ये ठेवून हवी तिथे अपेंड करायची (तिची प्रत आणायची), नाहीतर एफबीएक्स, म्हणजे इतर सॉफ्टवेअरमध्येही उघडणारी थ्रीडी फाईल, काढून ठेवायची. अलेम्बिक हा आणखी एक फाईल प्रकार मी यात धरत नाही. त्यात पात्राला हलवणारी हाडं नसतात, नुसते हलणारे व्हर्टेक्स (मॉडेलच्या पृष्ठभागाचे बिंदू) साठतात.

एफबीएक्सची बाजू भक्कम आहे. माया, युनिटी, अनरिअल, सगळीकडे ती चालते आणि समोरच्याकडे ब्लेंडर असायची गरज पडत नाही. काम गेम इंजिनात जाणार असेल तर एफबीएक्स काढावीच लागते.

मला खटकतं ते बेकिंग. एक्स्पोर्टच्या वेळी आयके (पाऊल हलवलं की वरची हाडं आपोआप वळवणारी सोय) आणि कन्स्ट्रेंट (हाडांवर लावलेले हालचालीचे नियम) यांचा हिशेब होतो आणि फाईलमध्ये हाडांची फक्त अंतिम हालचाल उतरते. ६० हाडांचं रिग (पात्राचा हाडांचा सांगाडा) आणि २४ एफपीएसवरची (सेकंदाला २४ फ्रेम) २ सेकंदांची चाल धरा. एक्स्पोर्टमधलं की कमी करणारं सेटिंग, सिम्प्लिफाय, ० असेल तर दर फ्रेमला की (त्या क्षणीच्या स्थितीची नोंद) बसते. परत आणल्यावर हाडामागे लोकेशनच्या ३, क्वाटर्नियनच्या (वळण चार आकड्यांत मांडायची पद्धत) ४ आणि स्केलच्या ३ अशा १० कर्व्ह (एकेका आकड्याच्या बदलाच्या रेषा), म्हणजे ४८ फ्रेमना २८,८०० की. मूळ अ‍ॅक्शनमध्ये हेच पाऊल एका आयके कंट्रोलरच्या मोजक्या कींवर चालत असतं. सिम्प्लिफाय वाढवला की की कमी होतात, पण उरलेल्या की तुम्ही ठरवलेल्या पोझवरच असतील असं नाही. मग ‘टाच जरा उशिरा उचल’ एवढीच दुरुस्ती आली, तरी मांडी, पोटरी आणि पाऊल तिन्हींच्या कर्व्ह ओढाव्या लागतात, आणि तेवढ्यात टेकलेलं पाऊल जमिनीवर घसरायला लागतं. माझ्या कामात दुरुस्त्या येतातच, त्यामुळे माझा कल इथेच ठरला.

अ‍ॅक्शनचा रस्ताही अगदी निर्धोक नाही. अ‍ॅक्शन एडिटरमध्ये नावाशेजारचं शील्ड चालू आहे ना, ते आधी पाहा. कोणीच वापरत नसलेली अ‍ॅक्शन शील्डशिवाय सेव्हमध्ये टिकत नाही. नंतर नव्या फाईलमध्ये फाईल मेनूतून अपेंड, लायब्ररीची .ब्लेंड, तिच्यातला अ‍ॅक्शन फोल्डर, आणि हवी ती अ‍ॅक्शन. ब्लेंडर ४.४ पासून अ‍ॅक्शनला स्लॉट, म्हणजे कोणत्या वस्तूला कोणत्या कर्व्ह ते ठरवणारे कप्पे, आले आहेत. अ‍ॅक्शन लावूनही पात्र हललं नाही, तर स्लॉट रिकामा नाही ना ते बघा.

कर्व्ह हाडाला नावाने शोधते. नाव जुळलं नाही तर चॅनेलखाली लाल रेघ दिसते, म्हणजे चूक निदान कळते. रोटेशन मोडची चूक मात्र दिसत नाही. अ‍ॅक्शन क्वाटर्नियनमध्ये आणि नव्या रिगचं हाड एक्सवायझेड ऑयलरवर (तीन अक्षांचे कोन वापरणारी पद्धत) असेल, तर लाल रेघ येत नाही आणि हाड वळतही नाही. अशा वेळी एन पॅनलमध्ये (एन की दाबून उघडणारी बाजूची पट्टी) त्या हाडाचा मोड बदला. दोन्ही रिगची रेस्ट पोझ, म्हणजे हालचाल नसतानाची मूळ स्थिती, हीही सारखी हवी. टी-पोझवरची (हात आडवे पसरलेले) अ‍ॅक्शन ए-पोझच्या (हात तिरके खाली) रिगला लावली की हात अंगात घुसतात.

अ‍ॅक्शन वेळ फ्रेममध्ये मोजते, सेकंदात नाही. ३० एफपीएसच्या फाईलमधली १ सेकंदाची हालचाल २४ च्या सीनमध्ये सव्वा सेकंद घेते. एनएलएमध्ये (अ‍ॅक्शन पट्ट्यांसारख्या मांडायचा एडिटर) पुश डाउन करून, म्हणजे अ‍ॅक्शनची स्ट्रिप करून, स्ट्रिपचं स्केल ०.८ केलं की ती पूर्ववत होते.

हे सगळं रिग लावताना एकदाच तपासायचं असतं. बेक झालेल्या कींचा त्रास मात्र प्रत्येक दुरुस्तीला नव्याने होतो. शॉट बरेच असतील तर अपेंडऐवजी लिंक (प्रत न आणता मूळ फाईलशी जोडणं) बरी वाटते: शॉटच्या फाईलमध्ये अ‍ॅक्शन बदलता येत नाही, पण लायब्ररीत टाच दुरुस्त केली की पुढच्या वेळी उघडताना प्रत्येक शॉटमध्ये ती दुरुस्ती येते. एखाद्याच शॉटला वेगळी चाल हवी असेल तर तिथे मेक लोकल करून अ‍ॅक्शनची स्वतंत्र प्रत करा.

इंजिनासाठी एफबीएक्स काढताना अ‍ॅड लीफ बोन्स बंद ठेवा, नाहीतर टोकाच्या प्रत्येक हाडाला एक जास्तीचं हाड चिकटतं. ऑल अ‍ॅक्शन्सही गरज असेल तरच चालू ठेवा, कारण त्या रिगला जुळणारी फाईलमधली प्रत्येक अ‍ॅक्शन सोबत जाते. आणि दुरुस्ती आली की .ब्लेंडमध्ये करून एफबीएक्स नव्याने काढा.