बसता येणारी काठी : दीड वर्ष वापरल्यानंतर

मी सांगलीत तिसरीच्या वर्गाला शिकवते. वय ४४. मला पल्मनरी हायपरटेन्शन, म्हणजे फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत वाढलेला दाब, आहे आणि त्यामुळे भोवळ येते. चार वर्षांत सात वेळा पूर्ण शुद्ध हरपून पडले आहे. ही काठी घेतल्यापासून दीड वर्षात एकदाच पडले, आणि त्या वेळी चूक काठीची नव्हती, माझी होती. ती चूक पुढे सविस्तर सांगते, कारण काठी घ्यायचा विचार करणाऱ्याला तीच आधी कळायला हवी. पडणं कमी झालं याचं सगळं श्रेय काठीला देणार नाही. याच काळात माझं दुसरं औषध सुरू झालं. पण मंडईत, बँकेत, लग्नाच्या हॉलमध्ये मी पुन्हा एकटी जाऊ लागले, ते मात्र हिच्यामुळेच.

आधी वस्तू कशी आहे ते. बंद असताना साध्या काठीसारखीच दिसते: अ‍ॅल्युमिनियमची नळी, वर मूठ, आणि साधारण मध्यावर प्लॅस्टिकची गोल बैठक नळीला चिकटून दुमडलेली. बैठक आडवी केली की मागचे दोन पाय फाकतात आणि तीन पायांचं छोटं स्टूल होतं. मूठ आपल्या समोर, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये राहते, तिला धरून बसायचं. मापं माझ्या वर्गातल्या मुलांनी पट्टीने घेतली आहेत. बैठकीचा व्यास २२ सेंटिमीटर, जमिनीपासून उंची ४८ सेंटिमीटर. वजन किराणा दुकानातल्या काट्यावर ८४० ग्रॅम भरलं. १०० किलोपर्यंत चालते असं तिच्यावर छापलं आहे, मी ५६ किलोची आहे. सर्जिकलच्या दुकानातून १४५० रुपयांना घेतली.

आता मला ही का लागते ते सांगते. नाव ऐकून लोक म्हणतात, ‘बीपी आहे होय, आमच्या सासऱ्यांनाही आहे.’ दंडाला पट्टा बांधून मोजतात ते बीपी माझं १००/६४ असतं. माझा दाब वाढलेला आहे तो हृदयाकडून फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्यांत. तिथला सरासरी दाब निरोगी माणसात साधारण १४ असतो, २० च्या वर गेला की हा आजार म्हणतात. माझा ५२ भरला. हा दाब पट्ट्याने कळत नाही. इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर, अंदाज येतो, आणि नक्की आकडा शिरेतून उजव्या हृदयापर्यंत नळी घालून मोजतात. माझं ते पुण्यात केलं.

त्या वाहिन्या अरुंद झाल्यामुळे हृदयाच्या उजव्या बाजूला रक्त पुढे ढकलताना फार जोर लावावा लागतो. बसून असते तेव्हा भागतं. जिना चढायला लागले, भरभर चालले की पायांचे स्नायू जास्त रक्त मागतात आणि तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. धडधाकट माणसाचं हृदय तेवढं जास्त रक्त पुरवतं. माझ्या हृदयाला त्या अरुंद वाटेतून ते पुढे नेता येत नाही. मग अंगातला रक्तदाब एकदम खाली येतो, मेंदूला रक्त कमी पडतं आणि मी कोसळते. खोकल्याची उबळ, शौचाला जोर करणं, कढत पाण्याची आंघोळ, वाकून पटकन उठणं, यातल्या कशानेही तेच होऊ शकतं.

हे कळायला मला दीड वर्ष लागलं. पहिल्यांदा शाळेच्या जिन्यात पडले तेव्हा हातपाय थोडे झटकले होते, त्यावरून फिट ठरवली गेली आणि त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. रक्त कमी पडलं की मेंदू असे झटके देऊ शकतो, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. जिना चढताना धाप लागते हे मी सांगत होते, पण ते वजनावर आणि ‘टेन्शन’वर गेलं. ती दीड वर्षं गेली याचं मला आजही वाईट वाटतं. कुणी बाई चढताना पडली आणि तिला आधीपासून धाप लागत असेल, तर तिचा इको करून घ्या. हात जोडून सांगते.

भोवळ माझ्याकडे तीन टप्प्यांत येते. आधी पाय जड होतात, धाप वाढते, बोलताना वाक्य तुटायला लागतं. मग कानात बारीक शिट्टी वाजते, ओठ बधिर होतात. मग नजर कडेकडेने काळी होत जाते, आणि त्यापुढचं मला दुसऱ्यांकडून कळतं. पहिल्या टप्प्याला मिनिटभर मिळतं. शिट्टीपासून काळोखापर्यंत फार तर दहा-पंधरा सेकंद. प्रत्येकाचे टप्पे असेच असतील असं नाही, काहींना इशाराच मिळत नाही. ज्यांना मिळतो त्यांच्याच उपयोगाची ही काठी आहे.

तिचं काम पहिल्या टप्प्याचं. पूर्वी पाय जड झाले तरी मी चालत राहायची, कारण बसायला जागाच नसायची. बँकेत रांग सोडली तर नंबर जाईल, रस्त्यात बसले तर लोक जमतील. पुढच्या कट्ट्यापर्यंत, पुढच्या दुकानाच्या पायरीपर्यंत रेटू, असं करत करत मी शिट्टीपर्यंत पोचायची. आता बैठक उघडायला चार सेकंद लागतात. तीन-चार मिनिटं बसते, वाक्य पुन्हा सलग यायला लागलं की उठते. मारुती चौकातून भाजी घेऊन यायला पूर्वी मला रिक्षाशिवाय पर्याय नव्हता. आता वाटेत दोनदा बसून येते.

वर्गातही हिचा फार उपयोग झाला. हात डोक्याच्या वर नेऊन फळ्यावर लिहिणं हे मला चढाइतकंच जड जातं. आता फळ्याच्या खालच्या अर्ध्यावर मी काठीवर बसून लिहिते आणि वरच्या अर्ध्यावर मुलं येऊन लिहितात. माझ्या लिहिण्यापेक्षा त्यांचं लिहिणं बाकीची मुलं जास्त लक्ष देऊन वाचतात, हे मला याच दीड वर्षात कळलं. मी बोलता बोलता मध्येच थांबले की पहिल्या बाकावरची एक मुलगी माझ्याकडे न बघता म्हणते, ‘बाई, बसा की.’ तिचा अंदाज सहसा चुकत नाही.

आता ती चूक. गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर मंडईतून येताना पिशवीत लाल भोपळा आणि दोन किलो कांदे होते. चार पायऱ्या चढून वर आले आणि पाय जड होण्याच्या आतच शिट्टी वाजली. मी सवयीने काठी उघडली आणि बसले. बैठकीला पाठ नाही, बाजूला हात नाहीत. बसल्या जागी शुद्ध गेली आणि मी उजव्या अंगावर कलंडले. कोपर फुटलं, पाच टाके पडले. सरळ जमिनीवर बसून आडवी झाले असते तर साडी मळली असती, एवढंच.

तेव्हापासून नियम केला आहे: पाय जड झाले तर काठी, शिट्टी वाजली तर जमीन. रस्ता असो, लग्नाचा मांडव असो, कुणी काय म्हणेल ते म्हणो. आडवं झालं की मेंदूकडे रक्त जायला सोपं होतं, आणि आडव्या माणसाला पडायला जागाच उरत नाही. काठी विकणाऱ्यांनी हे सांगायला हवं असं मला वाटतं, कारण घेणारा ‘चक्कर आली की बसायला’ म्हणूनच घेतो.

या काठीचा एक उपयोग मी माझ्या मनाने जोडला. नळीवर मुठीखाली कागद चिकटवून वरून पारदर्शक टेप गुंडाळली आहे. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं आहे: ‘मला फुप्फुसाच्या दाबाचा आजार आहे. पडले तर आडवंच ठेवा. तोंडात पाणी घालू नका. सॉर्बिट्रेट देऊ नका. या नंबरवर फोन करा.’ खाली मिस्टरांचा नंबर. आपल्याकडे कुणी पडलं की माणसं धावून येतात, हे आपलं भाग्य आहे. पण येताना कुणी कांदा फोडून नाकाशी धरतं, कुणी चप्पल हुंगवा म्हणतं, कुणी काखेत हात घालून उठवून बसवतं. कांद्याने काही बिघडत नाही, उठवून बसवण्याने बिघडतं.

सगळ्यात भीती मला सॉर्बिट्रेटची, म्हणजे छातीत दुखलं की जिभेखाली ठेवतात त्या गोळीची. मी ताडालाफिल घेते, ४० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. पुष्कळ जणांना याच आजारासाठी सिल्डेनाफिल असतं. या दोन्हींवर सॉर्बिट्रेट पडली तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो. एकदा एसटी स्टँडवर मला घेरी आली तेव्हा एका भल्या गृहस्थांनी त्यांच्या स्वतःच्या खिशातली ती गोळी काढून माझ्या तोंडाजवळ आणली होती. हार्ट अटॅक असेल असं त्यांना वाटलं. मी शुद्धीवर होते म्हणून हाताने अडवू शकले. घरी आल्यावर हातपाय कापत होते. तो कागद त्याच रात्री चिकटवला. काठी नेहमी माझ्याजवळच पडलेली असते, पर्स कुठेही जाऊ शकते, म्हणून कागद काठीवरच.

काठी कुठे चालत नाही तेही सांगते. बाथरूममध्ये अजिबात नाही. ओल्या फरशीवर, त्यातून साबणाचं पाणी असलं की काठीच्या पायांची रबरी बुटं सटकतात. आंघोळीसाठी मी ३८० रुपयांची प्लॅस्टिकची हाताची खुर्ची घेतली आहे. पाणी कोमट, आणि दाराला कडी लावत नाही. जिन्याच्या पायरीवर ही उघडत नाही, पाय मावत नाहीत, दोन मजल्यांच्या मधल्या मोकळ्या जागेपर्यंत पोचावं लागतं. गावी शेतात नेली तर काळ्या मातीत पाय बोटभर रुततात. एसटीत, रेल्वेत चालत्या गाडीत उघडायची नाही.

साडीवरही जरा त्रास होतो. मूठ पुढे घेऊन बसायचं तर निऱ्या अडकतात. मी बैठकीवर थोडी तिरपी बसते, मूठ उजव्या हाताला घेते. असं बसल्याने तोल थोडा कमी राहतो, म्हणून बाहेर जाताना पंजाबी ड्रेसच घालते. साडी नेसणाऱ्या आईसाठी किंवा सासूबाईंसाठी घेत असाल तर त्यांना साडीतच बसवून बघा.

चार पायांचा प्रकारही मिळतो. बैठक मोठी, वजन जास्त. माझ्या सासूबाईंसाठी तो पाहिला होता. तीन पायांची वस्तू उंचसखल जमिनीवरही डुगडुगत नाही, तिन्ही पाय टेकतातच. तिपाई म्हणूनच तर तीन पायांची करतात. चार पायांची खडबडीत रस्त्यावर डुगडुगते, पण कडेला झुकलं तर ती जास्त सांभाळून घेते. माझ्यासारखीला रोज हातात धरून चालायचं असेल तर तीन पायांची हलकी बरी. वजनदार माणसाला किंवा एकाच जागी जास्त वेळ बसायचं असेल तर चार पायांची.

लोकांच्या नजरेबद्दल सांगायलाच हवं, कारण त्यापायी मी ही काठी घ्यायला एक वर्ष उशीर केला. या आजारात माणूस बसला असताना ठणठणीत दिसतो. ४४ वर्षांची बाई, केस काळे, हातात काठी, आणि रांगेत सगळे उभे असताना ती बसते. एकीने विचारलंच, ‘एवढ्यात काठी? काय झालंय तुम्हाला?’ पहिले काही महिने मी गुडघे दुखतात असं खोटं सांगायची. आता खरं सांगते: फुप्फुसात दाब आहे, उभी राहिले तर पडते. असं सांगितल्यावर बहुतेक जण पिशवी उचलायला पुढे होतात.

खर्च इतकाच: रबरी बुटं सहा महिन्यांत झिजतात. झिजली की नळीची कड फरशीवर वाजते आणि काठी घसरायला लागते, तोपर्यंत थांबू नका. एक बूट ४० रुपयांना मिळतं, तिन्ही एकदम बदलायची. माझ्या काठीला १९ मिलिमीटरची बसतात, पण जुनं काढून दुकानात नेलेलं बरं.

आणि घेताना ऑनलाइन मागवू नका, दुकानात जा, आणि ज्याला वापरायची आहे त्याला सोबत न्या. मुठीची उंची मनगटाशी यायला हवी. बैठक दहा वेळा उघडून मिटून बघा, एका हाताने उघडते का तेही बघा, कारण दुसऱ्या हातात पिशवी असणारच. पूर्ण उघडली की मागच्या पायांची खीळ ‘खट्’ असा आवाज करून बसते. तो आवाज ऐकल्याशिवाय वजन टाकायचं नाही. माझ्या दुकानदाराने काढलेल्या पहिल्या काठीत तो आवाज येत नव्हता, तिसरीत आला. ती घेतली.