104 स्विच आणि 5,330 रुपये: जुना कीबोर्ड दुरुस्तीला पाठवण्याआधी वाचा

टीव्हीएस गोल्ड हा मेकॅनिकल कीबोर्ड म्हणजे काय हे डीटीपीवाल्यांना, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवणाऱ्यांना, सांगायला नको. माझा जुना, आत चेरी कंपनीचे निळे स्विच असलेला. वर देवनागरी स्टिकर, त्यांच्या गोंदावर चहाचा आणि धुळीचा थर. तीन बटणं मेलेली, बाकी ठणठणीत. 'जुने मेकॅनिकल कीबोर्ड नव्यासारखे' अशी जाहिरात दिसली, आधीचे-नंतरचे फोटो झकास होते, पाठवून दिला.

पुढचं ओळखीचंच. 1,200 ॲडव्हान्स. मग फोन, "काका, आत सगळा गंज. 104च्या 104 स्विच बदलावे लागतील, एकाला 35." झाले 3,640. परतीचं कुरिअर 280, माझं पाठवायचं 210. एकूण 5,330.

डोक्यात घंटा वाजायला हवी होती ती इथे. प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो. तीन बटणं चालत नाहीत तर तीन स्विच बघायचे, फार तर त्यांचं सोल्डरिंग. उरलेल्या 101 चालत्या स्विचना गंज कुठून आला? वर त्या महाभागाने व्हिडिओ पाठवला. काढलेले स्विच स्टीलच्या डब्यात, प्रत्येक स्विचच्या वरच्या झाकणावर 'चेरी' कोरलेलं स्पष्ट दिसतंय, आणि गंजाचा ठिपका नाही! तो व्हिडिओ मी घरी कौतुकाने दाखवला. पण ऐन लग्नसराईत, पत्रिका घ्यायला गिऱ्हाईक डोक्यावर उभं असताना, झूम करून कोण बघत बसतं? जुने स्विच परत मागितले तर म्हणे भंगारात टाकले. भंगारात कसले, चांगले चेरी स्विच हौशी लोक सुटेसुद्धा विकत घेतात.

कीबोर्ड आला चकाचक. दाबला तर आवाज पोकळ. कीकॅप, म्हणजे बटणाची टोपी, उपसली तर खाली निळाच दांडा, पण स्विचचं झाकण कोरं, 'चेरी' नाव गायब. मेलेल्या तिनातली दोन बटणं अजून मेलेलीच. स्टिकरचा गोंद बहुतेक ॲसिटोनने काढलाय, एंटरची कड वितळून बसली आहे. एबीएस प्लास्टिकला ॲसिटोन लावायचं नसतं हे पोरासोरांनाही कळतं. कीकॅप काढून कोमट साबणपाण्यात टाका, पूर्ण वाळवा, घरीच काम होतं.

पोलीस ठाण्यात गेलो. "कीबोर्ड? पाचशेला नवा मिळतो की." मग, "वस्तू परत आली ना? मग फसवणूक कसली, हा दिवाणी वाद." मग, "तो दुसऱ्या शहरातला, तिकडे जा." झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा गुन्हा, म्हटलं तर साहेब माझ्याकडे असे बघायला लागले जणू मीच आरोपी. सायबरवाले म्हणतात स्थानिक ठाणं, ठाणं म्हणतं सायबर. बँकेत उत्तर तयार, "पिन तुम्हीच टाकलात." अहो, पिन मीच टाकला, पण कशासाठी टाकला ते विचाराल का? अर्जावर पोच मागितली तर शिक्का मारणारा जेवायला गेलेला.

पाठवण्याआधी चार-पाच कीकॅप काढून स्विचच्या नावासकट फोटो काढा. काढलेला प्रत्येक भाग परत हवा, हे ॲडव्हान्स देण्याआधी लेखी घ्या. पैसे गेल्यागेल्या 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मी उशीर केला. आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, तक्रार आपल्याच जिल्ह्यात करता येते. हे मला ठाण्यात कुणी सांगितलं नाही, दुकानात झेरॉक्सला आलेल्या वकिलाने सांगितलं. नोटीस पाठवली आहे. त्याची जाहिरात अजून चालू आहे, 'नंतरचा' फोटो आता माझ्याच कीबोर्डचा.