बेळगाव खायला जाताय? घड्याळ बघून जा

पुण्याहून गोव्याला निघालेली गाडी बेळगावात अर्धा तास थांबते, कुंद्याचे चार डबे डिकीत जातात आणि चोर्ल्याचा घाट सुरू होतो. मग वर्षभर सांगितलं जातं, बेळगाव खाल्लं. कुंदा, म्हणजे दूध आटवून केलेली मिठाई, इथला खराच, पण तो शेवटी घ्यायचा. आधी भाकरी.

या गावात कुठे खावं यापेक्षा किती वाजता खावं हा प्रश्न मोठा आहे. त्याच खानावळीत साडेबाराला बसलात तर बोटं चाटाल, तीनला गेलात तर म्हणाल, यात एवढं काय होतं. म्हणून दोन पूर्ण दिवस ठेवा. मुक्काम बसस्टँड आणि कॅम्पच्या मधल्या पट्ट्यात घ्या. खडे बाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामदेव गल्ली हा जुना बाजार तिथून पायी होतो. या गल्ल्यांत चारचाकी घातलीत तर जेवणाची वेळ पार्किंग शोधण्यात जाईल. टिळकवाडी, शहापूर, वडगावला रिक्षा बरी. मीटरच्या भरवशावर राहू नका, बसण्याआधी भाडं ठरवा. मराठी सगळीकडे चालते. पाट्या कानडीत असल्या तरी खानावळीला कानडीतही खानावळीच म्हणतात, त्यामुळे विचारलं की लगेच दाखवतात.

खानावळीत शिरण्याआधी दारात अर्धा मिनिट उभं राहा. आतून भाकरी थापल्याचा आवाज येतोय का ऐका. येत असेल तर बसा. आवाज नाही आणि काउंटरशेजारी कापडाखाली भाकरीची चवड दिसतेय, तर पुढची खानावळ बघा. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिवटपणा नसतो. तव्यावरून उतरल्यावर दहा-पंधरा मिनिटंच भाकरी मऊ राहते, त्यानंतर ती कापडात कितीही गुंडाळा, वातड होते. ‘बिसी रोट्टी’ म्हणजे गरम भाकरी. हे दोन शब्द पाठ असू द्या, ताटात फरक पडतो.

भाकरी पानात आली की कडेकडे बघा. कड तडकलेली असेल तर पीठ गार पाण्यात मळलंय किंवा पीठच जुनं आहे. पिठाची विरी गेली की भाकरी थापतानाच फाटते. मग ती फाटू नये म्हणून जाड थापतात आणि मधे कच्ची राहते. चांगल्या भाकरीचा वरचा पापुद्रा बोटाने सबंध सुटतो. रब्बीचा शाळू फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर मिळणारी भाकरी सगळ्यात गोड. पावसाळ्यात तीच खानावळ, तेच हात, पण भाकरी एक पायरी खाली असते. त्याला इलाज नाही.

ताटात भाकरीबरोबर काय काय येतं ते ओळखून ठेवा. एण्णेगाई म्हणजे भरली वांगी. लहान वांगी देठ ठेवून चार चिरा दिलेली, आत दाण्याचं कूट, सुकं खोबरं, तीळ, कारळ, चिंच-गूळ. वांगं मधोमध मोडून बघा. मसाला देठापर्यंत पोचलेला असेल तर ते भरून शिजवलंय. आत पांढरं आणि अळणी निघालं तर वांगी वेगळी तळून तयार रश्शात सोडलीत, गर्दीच्या ठिकाणी हे होतं. काळु पल्या म्हणजे मोडाची उसळ. झुणका इकडे घट्ट असतो, कधी कधी तर वड्या पाडून देतात. सोबत मेथीची कच्ची पानं, मुळा, कांदा, काकडी. मेथी बाजूला सारू नका, तेलकट वांग्यानंतर तीच तोंड साफ करते.

चटण्यांवर खानावळीची परीक्षा होते. शेंगाचटणी चिमटीत धरून दाबा. उखळात कुटलेली असेल तर दाण्याचं तेल सुटून तिचा गोळा धरतो. मिक्सरची भुसभुशीत राहते आणि घशाला लागते. कारळ्याची, म्हणजे गुरेळाची चटणी काळी आणि जराशी कडवट. ती कोरडी खाऊ नका, वर दही किंवा कच्चं तेल घ्या. थंडीत ओल्या लाल मिरच्या बाजारात आल्या की रंजका मिळतो. लाल मिरची, लसूण, मीठ आणि आंबटाला लिंबू नाहीतर चिंच, एवढ्यावरच तो वाटतात. पहिल्या घासाला नखाएवढाच घ्या.

खाण्याचा क्रमही सांगतो. पहिली भाकरी लोणी आणि शेंगाचटणीबरोबर, भाजीला हात न लावता. दुसरी वांग्याबरोबर. तिसरी घेणार असाल तर कडक मागा. ही पापडासारखी पातळ, तीळ लावून खडखडीत भाजलेली भाकरी दह्यात चुरून खायची. मग भात, सारू, ताक. वाढपी थांबत नाही, पानावर हात आडवा धरून ‘साकु’ म्हणावं लागतं. हुग्गी दिसली तर मात्र हात काढून घ्या. खपली गहू कांडून, कोंडा काढून, शिजवून त्यात गूळ, खोबरं, खसखस घातलेली ही खीर गरम असतानाच खायची, वर तूप घालून. ती रोज नसते.

न्याहारीवर फार शब्द खर्च करण्यात अर्थ नाही. उडुपी हॉटेलात इडली-वडा, डोसा, बन्स चांगले मिळतात, पण ते कर्नाटकात कुठेही मिळतात. मिसळ मिळते. कोल्हापूर जवळ असल्याने तुलना होते आणि इथली मिसळ त्यात हरते. सकाळी पोहे-उप्पीट खाऊन पोट हलकं ठेवा, दुपारी गरज पडेल.

संध्याकाळचा खरा पदार्थ गिरमिट. लांबून भेळ वाटते, पण भेळेत चटण्या घालतात. इथे कांदा-टोमॅटो, हळद, हिरवी मिरची, चिंच-गूळ असा मसाला तेलावर परतून ठेवलेला असतो. तो चुरमुऱ्यांत कालवतात, वरून डाळ्याचं पीठ भुरभुरतात, ते जास्तीचं ओलं शोषून घेतं. मग कच्चा कांदा, शेव, कोथिंबीर. शेजारी मिरचीभजी असलीच पाहिजे. गिरमिट कालवल्यापासून पाच मिनिटांत मऊ पडतं, म्हणून पार्सल घेऊ नका. घ्यायचंच असेल तर चुरमुरे आणि मसाला वेगळा बांधून मागा. गाडीवाला आधीच कालवून परातीत ढीग करून बसला असेल तर पुढे चला. भजी कढईतून निघताना बघून घ्या. एकदा काढून गार झालेली आणि गिऱ्हाईक आल्यावर पुन्हा तळलेली मिरची बाहेरून गडद तपकिरी आणि आतून तेलाने ओथंबलेली असते. साडेपाच ते साडेसात ही वेळ धरा.

मटणासाठी वार बघावा लागतो. रविवार, बुधवार, शुक्रवार हे खाण्याचे दिवस. सोमवारी निम्मं गाव शाकाहारी असतं, श्रावणात तर महिनाभर. खप कमी म्हणजे माल ताजा असण्याची शक्यता कमी, इतका साधा हिशोब आहे. मराठी पद्धतीच्या खानावळीत सुकं, तांबडा, पांढरा मिळतो, पण या सहलीत सावजी खानावळीला एक जेवण द्या. सावजी ही सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाची पाककला, हुबळी-गदगपासून इथपर्यंत पसरलेली. रश्शावर बोटभर लाल तवंग असतो. आधी अर्धी प्लेट मागवा. तवंग चमच्याने बाजूला करून खालचा रस्सा चाखा. मसाला नीट भाजलेला असेल तर तिखटाच्या मागून खोबऱ्या-खसखशीची चव येते, नसेल तर नुसती आग. बेळगावची बिर्याणी म्हटलं की पहिलं नाव नियाजचं निघतं आणि ते योग्यच आहे. रविवारी रात्री आठला गेलात तर ताटकळावं लागेल, सातलाच जाऊन बसा.

आता कुंदा. कॅम्प पुरोहित हे नाव या मिठाईशी घट्ट जोडलेलं आहे. पहिल्यांदा घेणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी, म्हणजे तुलनेला माप मिळतं. मूळ कृती सोपी पण वेळखाऊ. म्हशीचं दूध आटवत न्यायचं, अर्ध्यावर आल्यावर थोडं दही घालून ते रवाळ फाटू द्यायचं, साखर घालायची आणि तळाला लागू न देता तपकिरी होईपर्यंत हलवत राहायचं. लिटरभर म्हशीच्या दुधाचा खवा जेमतेम दोनशे ग्रॅम पडतो, म्हणून फार स्वस्तात मिळणाऱ्या कुंद्याकडे संशयाने बघा.

डबा बांधायच्या आधी चमचाभर चवीला मागा. चांगला कुंदा जिभेवर दाणेदार लागतो आणि दाणा लगेच विरघळतो. टाळूला चिकटला तर त्यात रवा किंवा मैदा आहे. दाताखाली कचकचला तर साखर नीट मुरलेली नाही. मागून कडवट चव आली तर रंग दूध आटल्याने आलेला नाही, जळक्या साखरेने आणलेला आहे. दिसायला तो एकसारखा चॉकलेटी नसावा. कुठे फिका, कुठे गडद, वर तुपाची किंचित चकाकी असावी. ‘आजचा आहे का’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘कोमट आहे का’ विचारा.

पण कोमट कुंदा लगेच झाकण लावून न्यायचाही नाही. वाफेचं पाणी झाकणाला धरतं, खाली टपकतं आणि तिथे लवकर बुरशी येते. डबा अर्धा तास उघडा ठेवून पूर्ण गार करा, मग बंद करा. थंडीत बाहेर दोन-तीन दिवस टिकतो. उन्हाळ्यात गाडीच्या तापलेल्या डिकीत पाच-सहा तासांत आंबूस होतो, म्हणून तो एसीत पायाशी ठेवा. फ्रिजमधला कुंदा थेट खाणं म्हणजे पैसे वाया. तूप गोठून तो मेणासारखा होतो. अर्धा तास आधी बाहेर काढा. मायक्रोवेव्हमध्ये दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त ठेवलात तर तूप वेगळं सुटेल. मोठा डबा घेण्यापेक्षा पाव किलोचे दोन घेतलेले बरे, एक उघडला तरी दुसरा शाबूत राहतो.

मांड्यांचं नाव घेतल्याशिवाय बेळगाव पुरं होत नाही. लग्नाच्या रुखवतात आजही मांड्यांची चवड लागते. मैदा आणि बारीक रव्याच्या उंड्यात पिठीसाखर, वेलदोडा, खसखस, तूप भरतात, लाटतात आणि मग दोन्ही हातांच्या पाठीवर घेऊन ताणत ताणत कोपरापर्यंत पोचवतात. एवढा पातळ पडदा उपड्या घातलेल्या तापलेल्या भांड्यावर अंग न मोडता टाकणं ही खरी कसरत. खाली विस्तव, भाजायला मिनिटभरही लागत नाही. काढल्या काढल्या चौकोनी घडी घालायची. दोन-तीन श्वास उशीर झाला की तो कडक होतो आणि घडीऐवजी तुकडे हातात येतात. करताना बघायला मिळालं तर जेवण पुढे ढकला, पण बघा. मनातले मांडे खाणं सोपं का असतं ते तिथे कळतं.

दुकानात घेताना घडीच्या कडा बघा. भुगा जास्त असेल तर माल जुना किंवा हलवलेला आहे. पावसाळ्यात मांडे सादळतात, तेव्हा बंद पाकिटातलेच घ्या. बॅगेत घालू नका, पुठ्ठ्याच्या खोक्यात आडवे ठेवून खोकं सामानाच्या सगळ्यात वर. खाताना चुरून कोमट दूध आणि तूप. नुसता खाल्लात तर गोड पापड वाटेल.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर वेळ उरला तर गोकाक, साधारण साठ-पासष्ट किलोमीटर. जुलै ते सप्टेंबरमध्ये घटप्रभेचा धबधबा भरलेला असतो, एरवी खडकच बघावे लागतात. करदंट ही तिथली मिठाई मात्र बारमाही. कानडीत करिद म्हणजे तळलेला आणि अंटु म्हणजे डिंक, नावातच कृती आहे. डिंक तुपात फुलवून, सुकं खोबरं, खारीक, काजू-बदाम, खसखस गुळाच्या पाकात बांधतात. तुकडा मोडून बघा. डिंकाचा दाणा लाहीसारखा कुस्करला पाहिजे. दाताला चिकटला तर तो आतून कच्चा राहिलाय. साखरेचा घेऊ नका, गुळाचाच मागा. हवाबंद डब्यात महिनाभर राहतो, म्हणून लांबच्या नातेवाइकांना द्यायला कुंद्यापेक्षा हाच सोयीचा.

परतीला कोल्हापूरकडे जाणार असाल तर वाटेत संकेश्वर लागतं, तिथली लाल मिरची घरी न्या. मिरची हातात खुळखुळवून बघा, आतल्या बिया वाजल्या की ती नीट वाळलेली. दमट मिरची वजनाला भारी पडते आणि घरी गेल्यावर काळी पडते. देठासकट घ्या. देठ काढलेली लवकर किडते.