अनुबियास की क्रिप्ट? कमी उजेडाच्या टाकीसाठी

दिवाणखान्यात माशांची दोन फुटी टाकी, झाकणात साधा एलईडी, पाण्यातल्या झाडांना कार्बन डायऑक्साइड पुरवणारा सीओटूचा सिलिंडर आणायची इच्छा नाही आणि प्लास्टिकच्या झाडांचा कंटाळा आलेला. अशा वेळी निवड फिरून फिरून दोन झाडांवर येते: अनुबियास नाना आणि क्रिप्टोकोरिन वेंडटी, म्हणजे सगळे नुसतं क्रिप्ट म्हणतात ते. जावा फर्न तिसरा उमेदवार आहे, पण त्याचं लावणं-सांभाळणं बरंचसं अनुबियाससारखंच. शिवाय आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये टाकीचं पाणी चांगलंच कोमट होतं आणि त्या दिवसांत त्याच्या पानांवर काळे डाग पसरायचे, म्हणून तो मी बाजूला ठेवला. थंड हवेच्या गावी राहणाऱ्यांनी जरूर लावून बघावा.

ही दोन्ही झाडं मी पुण्यात सहा वर्षं एकाच टाकीत, एकाच दिव्याखाली वाढवली आहेत. दोन्ही आपल्या अळूच्या कुळातली. अनुबियास आफ्रिकेतलं, नाना ही जात कॅमेरूनकडची, वेंडटी श्रीलंकेतलं. क्रिप्टची काही भावंडं तर आपल्या घरचीच आहेत. स्पायरॅलिस आणि रेट्रोस्पायरॅलिस या जाती पश्चिम घाटातल्या ओढ्या-नद्यांत वाढतात. (ती तिथेच राहू द्यावीत, उपटून आणू नयेत, एवढी विनंती.)

नुसतं देखणेपण पाहायचं तर मी क्रिप्टला वरचं स्थान देईन. तपकिरी-हिरवी, कडेला लहरी असलेली पानं फिल्टरच्या प्रवाहात हलकी डुलतात. वाळूखालून धुमारे जातात, पिलं फुटतात, आणि वर्षभरात एका झाडाचा छोटा ताटवा होतो. गप्पीची पिल्लं त्यात लपून वाचतात. मुळांशी खताची एखादी गोळी खोचली की दोन-तीन महिने बघावं लागत नाही. अनुबियासपाशी हे डुलणं नाही. त्याची पानं जाड, चामड्यासारखी, जागच्या जागी उभी.

असं असूनही माझ्या टाकीत आज अनुबियास जास्त आहे. कारण पाणी.

क्रिप्ट 'मेल्ट' होतं हे तुम्ही ऐकलं असेलच. नवीन आणलेलं झाड पहिल्या पंधरवड्यात पानं टाकतं, त्याचं मला काही वाटत नाही. बऱ्याच रोपवाटिकांत ते पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेलं असतं. पाण्यात आल्यावर जुनी पानं सोडून नवी धरतं. माझी अडचण त्यानंतरची. आमच्या सोसायटीत मार्च संपता संपता महापालिकेचं पाणी अपुरं पडतं आणि टँकर सुरू होतात. नळाला येणारं खडकवासला धरणाचं पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं. टँकरचं बहुतेक वेळा बोअरचं, जड. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर मी वापरत नाही. बादलीच्या काठावर पांढरा थर धरू लागला, अंगाच्या साबणाला फेस येईना, की पाणी बदललं हे घरात सगळ्यांना कळतं. क्रिप्टलाही कळतं. टँकरच्या पाण्यानं टाकीतलं पाव पाणी बदललं की चार-पाच दिवसांत पानं काचेसारखी पारदर्शक होत, देठाशी बुळबुळीत होऊन गळत. हिरवागार ताटवा आठवड्यात चिखल व्हायचा. फिल्टरचा स्पंज त्या लगद्यानं भरून जायचा, पाण्याला वास यायचा, आणि मी रात्री जेवण झाल्यावर बाही वर करून एकेक सडकं पान वेचत बसायचो.

मुळं जिवंत असतात हे खरं. तीन-चार आठवड्यांत नवे कोंब येतात, मे अखेर ताटवा पुन्हा बरा दिसू लागतो. आणि मग पाऊस सुरू होतो, टँकर थांबतात, नळाचं मऊ पाणी परत येतं आणि सगळं पहिल्यापासून. वर्षातून दोनदा. एका वेळी एखादी बादलीच पाणी बदलून पाहिलं, त्यानं गळती कमी झाली, थांबली नाही. नळाचं पाणी पिंपात साठवून महिना-दोन महिने पुरवायला फ्लॅटच्या बाल्कनीत जागा नाही. मार्च-एप्रिलमध्ये टाकी तापते आणि जूनमध्ये एकदम गार होते, तेही कारण असू शकेल. मी दोन्ही वेगळं काढून पाहिलेलं नाही. एवढं मात्र डोळ्यांनी पाहिलं आहे की त्याच पाण्यात, त्याच दिवसांत शेजारच्या अनुबियासनं एकही पान टाकलं नाही.

अनुबियासचा त्रास वेगळा आहे, आणि तोही सांगायला हवा. ते फार सावकाश वाढतं. माझ्याकडे एका झाडाला साधारण महिन्याला एक पान येतं. एक पान वर्षभर, कधी त्याहून जास्त टिकतं, म्हणून त्यावर शेवाळाचे हिरवे ठिपके साठत जातात, कडेला काळी दाढी, म्हणजे केसाळ काळं शेवाळही येतं. क्रिप्ट जुनी पानं टाकत राहतं, त्यामुळे तिथे हे एवढं जाणवत नाही. मी झाड दिव्याच्या थेट खालून काढून लाकडाच्या सावलीत नेलं, टायमर आठ तासांवरून सहावर आणला, शेवाळ खाणाऱ्या दोन नेराइट गोगलगायी सोडल्या. ठिपके बरेच कमी झाले. उरलेले पाणी बदलताना अंगठा आणि बोटाच्या चिमटीत पान धरून हलक्या हातानं पुसतो. दहा मिनिटांचं काम आहे आणि त्यात काही मरत नाही, हा माझ्या दृष्टीनं मोठा फरक.

लावताना एकच गोष्ट सांभाळायची. आल्याच्या गड्ड्यासारखं आडवं खोड वाळूत पुरायचं नाही. पुरलं तर ते कुजतं. मीही पहिलं झाड असंच घालवलं. लाकडाला किंवा दगडाला सुती दोऱ्यानं बांधून ठेवा, दोरा कुजेपर्यंत मुळं पकड घेतात. याचा एक फायदा मला नंतर उमगला. टाकी खोल साफ करायची झाली तर लाकूड झाडासकट उचलून बादलीत ठेवता येतं आणि परत जागेवर बसवता येतं. क्रिप्टला नुसतं हलवलं तरी ते रुसतं. गोल्डफिश असतील तर प्रश्नच नाही, ते वाळू उकरून क्रिप्ट बाहेर काढतात. अनुबियासची जाड पानं सहसा खात नाहीत.

तुमच्याकडे बारा महिने एकाच विहिरीचं किंवा एकाच नळाचं पाणी येत असेल, वाळूचा थर दोन-अडीच इंचांचा असेल आणि एकदा लावलेलं झाड हलवायची सवय नसेल, तर क्रिप्ट तुम्हाला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त सुख देईल, असं मनापासून वाटतं. कोकणातल्या माझ्या मेहुण्याकडे विहिरीच्या पाण्यावर तेच वेंडटी तीन वर्षं एकसारखं भरलेलं आहे. पण उन्हाळ्यात टँकर येणाऱ्या सोसायटीत राहत असाल, तर निदान पहिलं झाड अनुबियास घ्यावं असं मी सुचवेन. पैसे थोडे जास्त पडतील. घेताना पानांपेक्षा खोड पाहा. दुकानदाराची परवानगी घेऊन बोटानं हलकं दाबा. टणक लागलं तर घ्या, मऊ लागलं किंवा कुजका वास आला तर पानं कितीही हिरवी असली तरी ठेवून द्या.